जर्मन आलं नाही तरी चालेल, पण कुठवर?

जर्मनीतल्या विद्यापीठांच्या इंग्रजी मास्टर्सच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास सापडते: जर्मन भाषा येण्याची अट नाही. ओळ खोटी नाही. प्रवेशाला जर्मन लागत नाही, लेक्चर इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, थिसिसही इंग्रजीतच. आपल्याकडचे कन्सल्टंट हीच ओळ पुढे करतात आणि आईवडील निर्धास्त होतात. पण ती वर्गाच्या दारापर्यंतच खरी. दाराबाहेर घरमालक आहे, महापालिकेचं कार्यालय आहे, दवाखान्यात फोन उचलणारी बाई आहे. आणि दोन वर्षांनी नोकरीची जाहिरात आहे, तिच्या तळाशी ‘जर्मन किमान बी२’ असं लिहिलेलं असतं. (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा खालून वर चढत जातात.)

२०२२-२३ च्या हिवाळी सेमिस्टरपासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सगळ्यांत जास्त आहेत. चीन मागे पडला. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४९,४८३ होता, आणि त्यात निम्म्याहून जास्त मुलंमुली इंजिनिअरिंगची. म्हणजे जर्मनीतल्या विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन कशी शिकवतात, हा प्रश्न आता पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या घरांचाही आहे.

ज्या विद्यापीठाला परदेशी विद्यार्थी इंग्रजीतून हवे आहेत, त्याने जर्मनचे तास पदवीच्या आत घ्यावेत, म्हणजे वेळापत्रकात आणि क्रेडिटमध्ये, असं आमचं म्हणणं आहे. आज बहुतेक ठिकाणी जर्मन हा संध्याकाळी सहानंतरचा, जागा मिळाली तर करायचा आणि लॅब आली की सोडायचा वर्ग आहे. तो भरवून विद्यापीठ आपल्या अंगावरची जबाबदारी झटकतं आणि दोन वर्षांनी विद्यार्थी ‘ए२ अर्धवट’ घेऊन बाहेर पडतो. यात विद्यार्थ्याचा आळस थोडा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मुख्य दोष हिशेबाचा आहे, म्हणून आधी हिशेबच मांडू.

भाषावर्गाचं माप ४५ मिनिटांच्या तासिकेत मोजतात. जर्मन भाषा शिकवणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार ए१ गाठायला ८० ते २००, ए२ ला २०० ते ३५०, बी१ ला ३५० ते ६५० आणि बी२ ला ६०० ते ८०० तासिका लागतात. हे आकडे शून्यापासूनचे, एकूण. आता विद्यापीठाचा नेहमीचा वर्ग बघा: आठवड्याला चार तासिका, सेमिस्टरचे शिकवण्याचे आठवडे चौदा. झाल्या ५६. म्हणून तर ए१ चे दोन तुकडे करावे लागतात, ए१.१ आणि ए१.२, एका सेमिस्टरला एक. चार सेमिस्टर एकही वर्ग न चुकवता केली तर २२४ तासिका होतात. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं, नाव लागलं, लॅबशी भांडण झालं नाही, थिसिसच्या सहा महिन्यांतही वर्गाला जाणं जमलं, तरी मास्टर्स संपताना ए२ च्या उंबरठ्यावर. जाहिरातीत हवं असलेलं बी२ अजून चारशे-पाचशे तासिका लांब. काही ठिकाणी तर वर्ग आठवड्याला दोनच तासिकांचा असतो. त्याचा हिशेब न मांडलेलाच बरा.

तुलनेसाठी जर्मन सरकारचा स्वतःचा एकात्मता अभ्यासक्रम घ्या. देशात राहायला आलेल्या परदेशी माणसासाठी त्यात भाषेच्या ६०० तासिका आहेत आणि वर १०० तासिका देशाच्या कायद्याच्या, इतिहासाच्या, समाजाच्या. उद्दिष्ट बी१. सरकारी खात्याला बी१ साठी ६०० तासिका लागतात असं वाटतं, आणि त्याच देशातलं विद्यापीठ दोन वर्षांत सव्वादोनशे तासिका देऊन ‘भाषेची सोय आहे’ म्हणतं.

आणखी एक विसंगती आहे. परदेशातून येणाऱ्या नर्सला जर्मनीत परवाना मिळवायला साधारण बी२ दाखवावं लागतं. डॉक्टरला त्याच्यावर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, त्यातही जर्मनचं प्रशिक्षण हा मोठा भाग आहे, कारण इलेक्ट्रिशियन किंवा नर्स जर्मनशिवाय कामावर उभी राहू शकत नाही हे सगळ्यांना कळतं. जर्मन माध्यमातून पदवी करायची तर डीएसएच परीक्षेत दुसरी पातळी, म्हणजे ६७ टक्के, किंवा टेस्टडाफ या दुसऱ्या भाषापरीक्षेच्या चारही विभागांत चौथी पातळी मागतात. आणि इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याकडून मागतात शून्य. शिकताना शून्य चालतं. नोकरी शोधताना मात्र तो नर्सच्याच रांगेत उभा असतो, तिच्या हातात बी२ असतं आणि याच्या हातात मास्टर्सची गुणपत्रिका.

काही कंपन्या इंग्रजीवर घेतात, हे खरं. बर्लिनमधली सॉफ्टवेअरची कामं, मोठ्या कंपन्यांचे संशोधन विभाग. पण यंत्रं, वाहनांचे सुटे भाग, बांधकाम, ऊर्जा या क्षेत्रांतल्या मध्यम आकाराच्या, लहान गावांत वसलेल्या कंपन्या, ज्यांच्यावर जर्मन उद्योगाचा मोठा भाग उभा आहे, त्या शॉप फ्लोअरवर जर्मनच बोलतात. कामगाराला सूचना द्यायची, पुरवठादाराशी फोनवर तारीख ठरवायची, सुरक्षिततेच्या बैठकीत बसायचं, हे इंग्रजीत होत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं. त्यातले सहा-आठ महिने पुन्हा भाषेच्या क्लासमध्ये घालवावे लागले तर घड्याळ थांबत नाही. पुढे कायम वास्तव्याचा परवाना हवा असेल तिथेही बी१ आडवं येतं: जर्मन पदवीधराला दोन वर्षं पात्रतेच्या नोकरीनंतर तो मिळू शकतो, पण बी१ सकट. ब्लू कार्डवाल्याला (म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्याला) बी१ असेल तर २१ महिन्यांत, नुसतं ए१ असेल तर २७ महिन्यांत. सहा महिन्यांचा फरक, केवळ भाषेच्या कागदाचा.

आता वर्गाकडे. बहुतेक विद्यापीठांत भाषा केंद्र असतं, त्याला श्प्राखेनत्सेंट्रुम म्हणतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पातळी ठरवायची चाचणी, मग ऑनलाइन नावनोंदणी, मग वर्ग सुरू. कागदावर ठीक. पण आपल्याकडून जाणाऱ्याचं वेळापत्रक वेगळं असतं. प्रवेशपत्र जून-जुलैत, त्यानंतर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायच्या खात्यात, ११,९०४ युरो भरायचे, विमा, व्हिसाची अपॉइंटमेंट, मग वाट पाहणं. ऑक्टोबरच्या मध्याला लेक्चर सुरू होतात तेव्हा अनेक जण अजून घरीच बॅगा भरत असतात. नोव्हेंबरमध्ये पोहोचेपर्यंत चाचणीची तारीख गेलेली, ए१.१ च्या जागा भरलेल्या, आणि पुढचा ए१.१ एप्रिलमध्ये. चार सेमिस्टरमधलं एक इथेच गेलं. जे वेळेत पोहोचतात त्यांनाही नोंदणी ठरलेल्या मिनिटाला उघडते आणि प्राथमिक वर्ग बघता बघता भरतात याचा अनुभव येतो. वर्गाची मर्यादा वीस-पंचवीस. मग वेटिंग लिस्ट. पहिल्या तासाला थेट जाऊन बसायचं आणि कुणी आलं नाही तर ती जागा मागायची, हा जुन्या विद्यार्थ्यांनी नव्यांना शिकवलेला उपाय आहे. तो चालतो, पण विद्यापीठाची भाषानीती अशा जुगाडावर चालावी का?

चाचणीचीही एक गंमत आहे. बऱ्याच ठिकाणी सी-टेस्ट पद्धतीची चाचणी घेतात. छोटे उतारे देतात, त्यांतल्या ठरावीक शब्दांचा उत्तरार्ध गाळलेला असतो आणि तो भरायचा. ऑनसेट नावाच्या चाचणीत असे आठ उतारे, प्रत्येकात वीस गाळलेल्या जागा, प्रत्येक उताऱ्याला पाच मिनिटं. मराठीत ‘पाऊस पडा... लागला आणि रस्त्या... पाणी साच...’ असं दिसेल. भाषा किती अंगात मुरली आहे ते यात बरं कळतं. पण यात तोंड उघडावं लागत नाही. आपल्याकडचा विद्यार्थी व्याकरणाची सूत्रं पाठ करण्यात तरबेज. तो या चाचणीत वर चढतो, ए२.२ मध्ये जाऊन बसतो, आणि पहिल्याच तासाला शेजारच्या स्पॅनिश मुलीने ‘शनिवार-रविवारी काय केलंस’ विचारलं की गप्प. उलटही होतं. ए१ चं प्रमाणपत्र असलेला विद्यार्थी सहा आठवड्यांच्या घोकंपट्टीवर पास झालेला असतो, चार महिन्यांनी त्याला ‘देन’ आणि ‘देम’ या विभक्तीच्या रूपांतला फरक आठवत नाही आणि त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर बसवतात. पाच मिनिटांची तोंडी मुलाखत जोडली तर दोन्ही चुका टळतात. पाचशे विद्यार्थ्यांना पाच-पाच मिनिटं म्हणजे ४२ तास. चार शिक्षक, दीड दिवसाचं काम. एवढं विद्यापीठाला जड जाऊ नये.

यानंतर येतो सातवा आठवडा. भाषा शिकवणाऱ्यांना हा आठवडा ओळखीचा आहे. डिसेंबरच्या आसपास लॅबचे अहवाल, गटाचे प्रकल्प, पार्टटाइम नोकरीच्या पाळ्या, चार वाजताचा अंधार आणि पहिली खरी थंडी एकाच वेळी येते. कोणता वर्ग सोडायचा हे ठरवताना क्रेडिट नसलेला वर्ग पहिला बळी जातो. नेमकं याच सुमारास ए१ मध्ये भूतकाळ येतो. त्यात काही क्रियापदं ‘हाबेन’ हे सहायक क्रियापद घेतात, काही ‘झाइन’: ‘इख हाबे गेगेसन’ म्हणजे मी खाल्लं, पण ‘इख बिन गेगांगन’ म्हणजे मी गेलो. दोन तास बुडाले की हे निसटतं, आणि पुढचा प्रत्येक धडा याच्यावरच उभा असतो. गणिताच्या पुस्तकातलं प्रकरण मागाहून एकट्याने वाचता येतं. भाषेचा वर्ग तसा मागाहून वाचता येत नाही, कारण तिथे शिकणं म्हणजे समोरच्याला उत्तर देणं. उपस्थिती पाऊण भरली नाही म्हणून परीक्षेला बसता येत नाही, अनामत रक्कम बुडते आणि जानेवारीत वर्गात अनेकदा निम्म्याच खुर्च्या भरलेल्या दिसतात.

हा वर्ग पदवीच्या आत असता तर? मास्टर्सला १२० क्रेडिट असतात, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. त्यातली १२ क्रेडिट जर्मनला दिली तर साधारण ३०० ते ३६० तास होतात, वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून. अनेक पदव्यांत ‘मोकळ्या’ क्रेडिटचा एक कप्पा आधीच असतो. काही विभाग त्यात भाषेचा कोर्स धरतात, काही मात्र ‘ए पातळीचा कोर्स विद्यापीठीय दर्जाचा नाही’ म्हणून नाकारतात. हा युक्तिवाद अजब आहे. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंगची तोंडओळख करून देणाऱ्या कोर्सचं क्रेडिट मिळू शकतं, आणि ज्या देशात तो शिकतोय त्या देशाची भाषा मात्र दर्जाखाली?

एकट्या क्रेडिटने भागणार नाही, तास वाढवावे लागतील, आणि ते सुट्टीत सापडतात. जर्मन विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर असे दोन मोठे मोकळे पट्टे असतात. चार आठवडे, आठवड्याला पाच दिवस, दिवसाला पाच तासिका म्हटल्या तर शंभर तासिका एका पट्ट्यात बसतात. आता पुन्हा बेरीज करू. भारतात असतानाच, प्रवेशपत्र मिळाल्यावर किंवा खरं तर अर्ज करतानाच, २०० तासिका. सप्टेंबरमध्ये, पोहोचता आलं तर विद्यापीठात नाहीतर ऑनलाइन, १००. पहिल्या सेमिस्टरला ५६, वसंतातल्या सुट्टीत १००, दुसऱ्या सेमिस्टरला ५६, उन्हाळ्यात १००, तिसऱ्याला ५६. एकूण ६६८. हे बी२ च्या पट्ट्यात बसतं, तेही थिसिसचं सेमिस्टर पूर्ण मोकळं ठेवून. हिशेब अवघड नाही. फक्त भाषा केंद्र, विभाग आणि परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय या तिघांनी एका टेबलाशी बसून वेळापत्रक करावं लागतं. सुट्टीत परीक्षाही असतात, त्यामुळे हा चार आठवड्यांचा पट्टा परीक्षांच्या तारखांपासून मोकळा ठेवायला विभागाने कबूल व्हावं लागेल. खरी अडचण तिथे आहे.

‘सक्ती नको’ असा आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. दोन वर्षं संशोधन करून परत जाणाऱ्याला बी१ ची सक्ती करणं हट्टाचं होईल. नापास झाल्यामुळे पदवी अडली तर ते त्याहून वाईट. म्हणून सक्ती विद्यापीठावर हवी, विद्यार्थ्यावर नको: जागा हमखास द्यायची, वेळापत्रकात लॅबशी टक्कर होऊ द्यायची नाही, क्रेडिट द्यायचं. विद्यार्थ्याला ती बारा क्रेडिट दुसऱ्या विषयावर खर्च करायची मुभा असावी, पण तसा निर्णय त्याने लेखी, समजून उमजून घ्यावा. आज तो निर्णय घेत नाही, तो त्याच्या हातून होऊन जातो.

‘पैसे कुठून आणायचे?’ हा दुसरा प्रश्न. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १५०० युरो शुल्क लावलं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून त्याहून बरंच जास्त शुल्क सुरू केलं. जिथे असं शुल्क घेतलं जातं तिथे तरी भाषेचा वर्ग वेगळे पैसे न घेता आणि हमखास मिळायला हवा. बाकी ठिकाणी हा खर्च राज्याने उचलावा, कारण कुशल माणसं कमी पडताहेत अशी ओरड तिथलेच मंत्री रोज करतात. शिकवून तयार केलेला इंजिनिअर भाषेवाचून परत जाणं हे सगळ्यांत महाग पडतं.

शिक्षकांबद्दल थोडं बोललंच पाहिजे. भाषा केंद्रांतले बरेच वर्ग मानधनावरचे शिक्षक घेतात. करार एका सेमिस्टरचा, पैसे वर्गात उभं राहिलेल्या तासांचे. निबंध तपासणं, मुलांच्या ईमेलना उत्तरं देणं, चाचण्या काढणं यातच धरलेलं. २०२२ च्या जूनमध्ये जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने हेरेनबर्गच्या संगीतशाळेतल्या एका मानधनावरच्या शिक्षिकेला नोकरदार ठरवलं. सामाजिक विम्याचा भार संस्थेवर आला आणि तेव्हापासून भाषावर्ग चालवणाऱ्या संस्थाही धास्तावल्या आहेत. जो शिक्षक पुढच्या सेमिस्टरला असेल की नाही हेच नक्की नाही, तो ए१ पासून बी२ पर्यंतची दोन वर्षांची शिडी कशी आखणार? पदवीच्या आत भाषा आली तर शिक्षकही कायम करावा लागेल. हा खर्च टाळायचा म्हणूनही हे घोडं अडलेलं असावं.

आता काय शिकवायचं. प्राथमिक पुस्तकांत हॉटेलात कॉफी मागवणं, घरातल्या माणसांची ओळख, छंद सांगणं असतं. वाईट नाही, पण कॉफी इंग्रजीतही मिळते. विद्यार्थ्याच्या हातात पहिल्या महिन्यात काय पडतं ते बघा: घरमालकाने सही करून द्यायचा राहत्या जागेचा दाखला, कारण घरात आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो; दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो मागणारं रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र. विमा कंपनीचा फॉर्म. कचरा कोणत्या डब्यात टाकायचा याची जिन्यात लावलेली पाटी. जर्मनीत प्रशासनाची भाषा जर्मन, असं कायद्यातच लिहिलं आहे. समोरचा कारकून इंग्रजीत बोलला तर तो त्याचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे.

अशा सरकारी पत्राच्या तळाशी एक वाक्य असतं. ‘गेगन डीझन बेशाइड कान इनरहाल्ब आइनेस मोनाट्स नाख बेकांटगाबे विडरश्प्रुख एरहोबन वेर्डन.’ ए२ पर्यंत पोहोचलेल्याला यातले दोन शब्द ओळखीचे: ‘कान’ म्हणजे करता येतं, आणि ‘मोनाट’ म्हणजे महिना. त्याला वाटतं, महिन्याभरात काहीतरी केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल. वाक्याचा अर्थ आहे: हा निर्णय कळल्यापासून एक महिन्याच्या आत त्याला हरकत घेता येईल. महिना उलटला की निर्णय पक्का, मग तो चुकीचा असला तरी. ‘बेशाइड’ म्हणजे निर्णयाचं पत्र, ‘विडरश्प्रुख’ म्हणजे हरकत, ‘फ्रिस्ट’ म्हणजे मुदत, ‘मानुंग’ म्हणजे थकबाकीची ताकीद. हे चार शब्द ए१ च्या दुसऱ्या आठवड्यात शिकवले पाहिजेत, व्याकरणाच्या क्रमात ते बसत नसले तरी. प्रयोगशाळेतली सुरक्षिततेची माहिती अनेकदा आधी जर्मनमध्ये दिली जाते आणि शेवटी दोन मिनिटं इंग्रजीत गुंडाळली जाते. तिथले शब्दही वर्गातच यायला हवेत.

मराठी मुलांच्या बाबतीत एक संधी वाया जाते, ती वेगळी. वर्गात जर्मन समजावून देतात ती इंग्रजीच्या आधाराने, आणि इंग्रजीत जे अवघड ते आपल्यालाही अवघड असं मुलं धरून चालतात. जर्मनमधल्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं याचा इंग्रजीवाल्याला जाच होतो. ‘इख वाइस, दास एअर मॉर्गन नाख पुणे फेअर्ट.’ मला माहीत आहे, की तो उद्या पुण्याला जातो. ‘दास’ म्हणजे की, ‘एअर’ तो, ‘मॉर्गन’ उद्या, ‘नाख पुणे’ पुण्याला, ‘फेअर्ट’ जातो. शब्दाला शब्द लागला, क्रमही तोच. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच. ‘तो, ती, ते’ ज्याच्या तोंडात बसलेलं आहे त्याला ‘देअर, दी, दास’ ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. फक्त कुठल्या वस्तूला कुठलं, हे पाठ करावं लागतं: चमचा तिकडेही ‘तो’, पण सुरी ‘ते’ आणि सूर्य ‘ती’. तू आणि तुम्ही यांतला फरकही नवा नाही. मघाचं ‘हाबेन’ आणि ‘झाइन’चं भांडणसुद्धा ‘मी गेलो’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांच्या अंगाने थोडं सोपं होतं, तंतोतंत नसलं तरी. आणि जर्मन ‘झेड’चा उच्चार? वेळ या अर्थाच्या शब्दातला तो पहिला वर्ण म्हणजे आपला ‘चमचा’तला च. मुलं ‘त्साइट’ असं लिहून घेतात आणि जीभ अडखळवतात. चमच्याचा च म्हटलं की काम झालं. पुण्यात जर्मन शिकवण्याची परंपरा जुनी आहे, रानडे इन्स्टिट्यूट आणि माक्स म्युलर भवन ही नावं शहराला परिचयाची आहेत. मराठीच्या अंगाने जर्मन शिकवणारं साधं, चांगलं साहित्य तिथून अजून पुष्कळ यायला हवं.

विद्यार्थ्यांच्या चुकाही मांडायला हव्यात. पाच भारतीयांनी मिळून फ्लॅट घ्यायचा, वर्गातही तेच पाच, स्वयंपाकही एकत्र, आणि शनिवारी मराठी मंडळ. आपलेपणा हवा, थंडीत तर फारच हवा. पण मग जर्मन कानावर पडते ती फक्त ट्राममधल्या घोषणेत. वर्गात चार तासिका आणि बाहेर शून्य, यात भाषा येत नाही. टँडेम नावाची फुकट सोय बहुतेक विद्यापीठांत आहे: एक जर्मन विद्यार्थी, एक तुम्ही, अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास तुमची. तो इंग्रजीवर उतरला की त्याला थांबवायचं; ‘बिटे आउफ डॉइच’, म्हणजे ‘जर्मनमध्ये बोल ना’, एवढं म्हटलं तरी पुरतं. पहिल्या पंधरा-वीस वेळा ओशाळवाणं वाटतं. दुसरी चूक सुरुवात पुढे ढकलण्याची. ‘आधी पहिलं सेमिस्टर नीट जाऊ दे, मग जर्मन बघू’ हे वाक्य बरोबर उलटं आहे, कारण पहिल्या सेमिस्टरनंतर वेळ कमीच होत जातो.

हे सगळं विद्यापीठांच्या पातळीवर बदलायला वर्षं जातील. तोवर, प्रवेशपत्र हातात आल्यावर आणि ते स्वीकारण्याआधी, विभागाला एक ईमेल करायला हरकत नाही. जर्मनच्या कोर्सची किती क्रेडिट याच पदवीत धरली जातात, आणि ए१ ची धरतात का? प्रत्येक पहिल्या सेमिस्टरवाल्याला जागेची हमी आहे, की असतील तर मिळतील? नोव्हेंबरमध्ये पोहोचणाऱ्यासाठी वेगळा वर्ग निघतो का? सुट्टीतल्या सघन वर्गाचं शुल्क किती, आणि त्याच्या तारखा परीक्षांवर येतात का? विचारणारे वाढले की विभागालाही ही उत्तरं तयार ठेवावी लागतात. उत्तरात ‘जागा असतील तर’ असं कुठे दिसलं, तर तिकीट काढण्याआधी ए२ इथेच संपवून निघावं, आणि शेवटचे दोन महिने व्याकरणाची वही मिटून फक्त बोलण्याचा सराव करावा.